गरम वाऱ्याची वाट

वैष्णवीने एवढं डोकं लावून बनवलेला पत्रा आमोद उद्या काढून टाकणार होता, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा! कॉलेजची रेसची गाडी दोन फेऱ्यांतच उकळत होती. रेडिएटरमधून तापून निघणारी हवा गाडीच्या पोटात कोंडते आणि गाडीला मागे ओढते. हा फटीचा पत्रा बसवून ती बाजूने बाहेर काढली तर इंजिन गार राहील, गाडीही सुसाट जाईल, असं वैष्णवीचं म्हणणं. वर्षभर ती त्यामागे होती. "वारा कुठे जातो ते दाखव, मग बोल," कॅप्टन आमोद म्हणाला.

दाखवायचं तर पत्र्यावर लोकरीचे तुकडे चिकटवायचे आणि शेजारून जाणाऱ्या स्कूटरवर मागे बसून ते न्याहाळायचे. स्कूटर चालवायची म्हटल्यावर टीममधल्या सगळ्यांना नेमकी कामं निघाली. यवतमाळहून आलेल्या पोरीचं पुण्यात होतं कोण? सदाशिव पेठेतल्या घरमालकीण, मंदाकिनीकाकू.

"लोकर देते," काकू म्हणाल्या, "आणि स्कूटरही मीच चालवते. तुमच्या टीमचं धैर्य कळलं."

सकाळी कॉलेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर मजा बघायला मात्र अख्खी टीम हजर! गाडीत आमोद, शेजारी स्कूटरवर पदर खोचून काकू, मागे वैष्णवी. आणि बघते तो काय, लोकर बाहेर उडायच्या ऐवजी आत ओढली जात होती! हवा उलटीच शिरत होती. पोरीचे डोळे भरून आले.

"रडायचं असेल तर घरी," काकू म्हणाल्या. "इथे काय करायचं ते सांग."

वैष्णवीने डोळे पुसले. सायलेन्सरमधून धूर जोरात सुटतो, तो जाताना आजूबाजूची हवा ओढून नेतो. त्याचं तोंड वळवून पत्र्यातल्या हवेच्या वाटेतच आणलं तर? वेल्डिंगमध्ये दुपार गेली. काकू उन्हात बसून राहिल्या, उठायचं नाव नाही.

या खेपेला लोकरीचा एकेक तुकडा बाहेर उडून सरळ मागे धावू लागला. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, गाडी उकळेना. मग आमोदने पाय दाबला आणि गाडी सुटली ती सुटलीच! काकूंची स्कूटर कुठली गाठते!

"पत्रा राहतोय," आमोद उतरत म्हणाला.

वैष्णवी रस्त्यातच काकूंच्या पाया पडली. "तुम्ही होता म्हणून झालं हो, काकू."

"आधी आईला कळव."

तिने फोन लावला, पण 'आई' म्हणताच तिला रडू फुटलं. काकूंनी फोन काढून घेतला. "अहो, मंदाकिनी बोलतेय. पोरीचं काम झालं. आणि एक सांगायचं राहिलं होतं. ही राहायला आल्यापासून माझ्याशी घरात कुणीतरी बोलतं. आपले आभार मानते."