मागे सरकलेली मीटरपट्टी

बावीस वर्षं प्रयोगशाळेत स्टॉपवॉच दाबून माझा अंगठा झिजला, कोणी ढुंकून पाहिलं नाही. नव्या मॅडमनी पडत्या चेंडूचा व्हिडिओ काढायला स्टँडवर मोबाइल लावला आणि सगळा वर्ग त्यांच्याभोवती जमला. माझ्या पोटात दुखू लागलं. त्या चेंडू घ्यायला वळल्या, तेवढ्यात मी चेंडू पडायच्या जागेशेजारी मापासाठी उभी केलेली मीटरपट्टी मागे भिंतीला टेकवली. लांबची पट्टी व्हिडिओत लहान दिसते आणि सगळं गणित बिघडतं.

गुरुत्वत्वरण नऊ पॉइंट आठऐवजी अकरा आलं.

"मोबाइलचे फार लाड झाले," मी म्हणालो.

मॅडमनी व्हिडिओ सुरुवातीला नेला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवली. चेंडू पडण्याच्या कितीतरी आधी, पट्टीवर माझा हात होता.

"सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "या हाताचा वेग मुलांना काढायला देऊ?"