बुडालेल्या जहाजाची सुटण्याची वेळ

सकाळी साडेदहाला धक्क्याला बांधलेलं जहाज बांधल्या जागीच बुडालं. वाचलंत? आता विसरा. बंदर कचेरीने तेच ठरवलंय, आणि ती माणसं तुमच्याआमच्यापेक्षा शिकलेली आहेत.

कप्तानाला मात्र विसरता येईना. सोमवारी आठला ते जहाज घेऊन निघायचा हुकूम त्याच्या खिशात होता. नाही निघालं तर सव्वीस वर्षं जिवापाड जपलेला परवाना रद्द. जहाज बुडाल्याची नोंद झाली तरच हुकूम रद्द होणार, म्हणून तो धावत कचेरीत गेला. बंदराधिकारी त्याचा सख्खा साडू, म्हणजे आशा आणखीच कमी.

"साडूभाऊ, जहाज बुडालं हो!"

साडूने खिडकीतून मान लांब केली. "दिसतंय की."

"ते नुसतं धुराडं दिसतंय!"

"मग? धुराडं जहाजाचंच ना? का शेजाऱ्यांचं?"

तळाला भोक पडल्याचं कप्तानाने तीनदा लेखी कळवलं होतं. साडूने तिन्ही वेळा भोकावर रंगाचे दोन हात मारून घेतले. या बंदरात कुठलंही दुखणं रंगानेच बरं व्हायचं. या रंगकामाबद्दल साडूला नुकतंच मानपत्र मिळालेलं. ते टांगायला भिंतीत खिळा ठोकताना पडलेला चुना अजून टेबलावर होता.

"लाक्षणिक अर्थाने बुडालं, असं लगेच लिहून देतो," साडू म्हणाला. "'कर्मचाऱ्यांचा उत्साह बुडाला', वगैरे. खरोखरीचं बुडणं हवं असेल, तर नियमाप्रमाणे कोरड्या डेकवर उभं राहून पाहणी करावी लागते. डेक कोरडं आहे?"

"डेकवर मासे फिरतायत!"

"तिकिटं तपासलीत त्यांची?"

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "भाऊजींचं काय सांगता! ताईने त्यांना पसंत केलं त्या दिवशी आमचं अख्खं घराणं बुडालं, त्याची तरी कुठे नोंद आहे? अर्ज करा. त्या माणसाला कागद आल्याशिवाय पाणीसुद्धा ओलं लागत नाही."

कप्तान ओल्या विजारीनेच लिहायला बसला:

"पाहणीसाठी डेक कोरडे असणे बंधनकारक असल्याने, समुद्राने धक्क्यालगतची आपली पातळी रविवार सायंकाळपर्यंत अडीच पुरुष खाली आणावी, असे लेखी आदेश समुद्रास देण्यात यावेत, व समुद्राने मुदतीत पालन न केल्यास, माझ्याऐवजी त्याचा परवाना रद्द करण्यात यावा, ही नम्र विनंती."