सरळ केलेले फोटो

वाकडं मला खपत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल. माझं फ्रेमचं दुकान आहे. लोक फोटो आणतात, मी छापून देते, फोटोभोवतीचं पुठ्ठ्याचं माउंट कापते, काच बसवते आणि घरी खिळा किती उंचीवर मारायचा तेही फुकटात सांगते. कोणाकडे जेवायला गेले आणि भिंतीवरची फ्रेम कललेली दिसली, तर घास घशाखाली उतरत नाही. उठून ती सरळ करते, मगच जेवते. नवरा म्हणतो, "तुला जेवायला बोलावतात की डागडुजीला?" म्हणू दे.

तर त्या दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं आणि मुंगी आली. मुंगी म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण लहानपणी शोधाशोध झाली की ही साखरेच्या डब्यापाशीच सापडायची, म्हणून मुंगी. आता नोकरी करते, लग्न झालंय, तरी आमच्यासाठी मुंगीच. आल्या आल्या तिनं लॅपटॉप माझ्या काच कापायच्या टेबलावर ठेवला.

"मावशी, हा प्रोग्राम मला वेड लावणार आहे."

"आधी हात सांभाळ, कपच्या आहेत तिथे. काय झालं?"

झालं होतं असं. मुंगी आणि तिचा नवरा नुकतेच नव्या घरात राहायला गेले होते. बैठकीच्या भिंतीवर नवऱ्याकडच्यांचे फोटो लागले. त्याचे आईवडील, आजीआजोबा, एक काका तर बंदूक घेऊन उभे. हरकत नाही, माणसं चांगली आहेत. पण त्याच भिंतीवर मुंगीनं स्वतःसाठी एक खिळा मारून घेतला होता आणि तो रिकामाच होता. तिथे तिला एकच फोटो हवा होता, ती आणि तिची आई. मुंगी शाळेत जायच्या आधीच ताई गेली. आजारी काय पडली आणि गेली काय, आम्हाला रडायलाही उसंत मिळाली नाही. मुंगीला तिचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो तो फोटोतला.

फोटो ढीगभर होते. ताईकडे एक छोटा चंदेरी डिजिटल कॅमेरा होता आणि तिला त्याचं वेड होतं. दाजींनी ते सगळं नीट जपून ठेवलं होतं. मुंगीनं ते सगळं, मागे प्रत न ठेवता, फोटो लावायच्या प्रोग्राममध्ये हलवलं. हा प्रोग्राम चेहरे ओळखून प्रत्येकाचा वेगळा गठ्ठा करतो. दाजींचा गठ्ठा झाला, मुंगीचा झाला.

"आणि तुमचा दोघींचा मिळून एकच झालाय," मुंगी म्हणाली. "तू आणि आई, एकच माणूस."

"आपोआप?"

"तो विचारत होता. ही तीच व्यक्ती आहे का? मी हो म्हणत गेले." तिनं मान खाली घातली. "मला ओळखू येईना गं, मावशी."

पण तिचंही काय चुकलं? आम्ही दोघी होतोच तशा. बाजारात लोक मला थांबवून ताईच्या शेजारणीची चौकशी करायचे. त्यात एकमेकींचे कपडे घालायची खोड. माणसांना कळायचं नाही, तिथे यंत्राला काय कळणार, कपाळ!

मी स्टूल ओढलं. मुंगीनं मदतीचं पान वाचून दाखवलं. चुकीचे चेहरे निवडा, गटातून काढा, नवीन नाव द्या. वाचायला सोपं होतं. मग ती एकेक फोटो समोर आणायची आणि मी सांगायचे. ताई. ताई. मी. ताई.

"पण कशावरून?"

"कानाची पाळी बघ. ताईची सुटी आहे, माझी गालाला चिकटलेली."

"आणि ही? कान दिसत नाहीत."

"ही मीच. तोंड बघ ना, कोणावर तरी खेकसतेय."

मुंगी हसली. मलाही बरं वाटलं. पण फोटो सगळे उलटसुलट येत होते. आधी मुंगी चालतेय, मग पाळण्यात, मग ताईच्या लग्नाआधीची सहल. बघितलं तर प्रत्येकावर तारीख एकच, एक जानेवारी. ताई सेल बदलायची तेव्हा कॅमेरा तारीख विसरायचा आणि बाईसाहेबांनी ती परत लावायचे कष्ट कधी घेतले नाहीत. मी म्हटलं, तारखेवर नको, फाईलच्या नंबरावर लाव. कॅमेरा दिवस विसरला तरी मोजायचं विसरत नाही. दुकानात हे रोज करते मी. मुंगीनं तसं केलं आणि सगळं रांगेत आलं.

मग तो फोटो आला.

निळा स्वेटर, मोकळे केस, मांडीवर वर्षाची मुंगी. मुंगी समोर बघून अशी हसतेय की हातपाय, पोट, सगळंच हसतंय. खाली प्रोग्रामचा प्रश्न, ही तीच व्यक्ती आहे का? हो, नाही, माहीत नाही.

"याला विचारायची गरजच नाही," मुंगी म्हणाली. "हाच मोठा करायचाय. कॉलेजपासून माझ्या फोनवर आहे हा, दोन चेहऱ्यांपुरता कापलेला. त्या खिळ्यासाठी हाच."

तिचं बोट 'हो'वर गेलं आणि मी म्हटलं, "थांब."

केसांनी कान झाकले होते. पण बाळाच्या पोटावर हात होता, आणि हाताच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. काच कापायला शिकत होते तेव्हा कटरची हिरकणी सटकली आणि अंगठ्यात घुसली. तेव्हापासून माझं ते नख दुभंगलेलंच उगवतं. तो हात आत्ता त्याच टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी होता. मी मूठ मिटली.

खरं सांगते, मी फटकळ आहे, पण त्या वेळी मी आधी हिशोब केला. पोरीनं इतकी वर्षं ज्या फोटोकडे बघून आई म्हटलं, त्यात मी होते. गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? चेहरा सारखाच. भिंत भरली असती, पोर खूश झाली असती. 'माहीत नाही' असंही एक बटण होतंच. पण मग ती आयुष्यभर माझ्याकडे बघून ताईला आठवणार. आणि ताई? ती कुठेच नाही. ते मला सहन होईना.

मी मूठ उघडली आणि अंगठा पडद्याला लावला.

"नाही, मुंगे. ही मी आहे."

तिनं फोटो मोठा केला. नख बघितलं. माझा अंगठा बघितला. परत नख बघितलं. मग तिनं 'नाही' दाबलं, अगदी हळू, आणि लॅपटॉपपासून हात काढून घेतले.

"म्हणजे आमचा दोघींचा फोटोच नाही," ती म्हणाली. "एकही नाही. बाकी सगळ्यांत मी बाबांकडे नाहीतर तुझ्याकडे. मी सगळे बघितलेत. आई कुठे होती?"

"कॅमेऱ्यामागे, आणखी कुठे? तू झाल्यावर कोणाच्या हातात देत होती का ती तो कॅमेरा? तू हसतेयस ती कोणाकडे बघून हसतेयस?"

"हे तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस."

"मी? बरं वाटावं म्हणून? मी?" मला रागच आला. "अगं, तिचा फोटो मी झोपेतसुद्धा ओळखेन. वाकडा असतो. तिचे सगळे वाकडे, डावीकडे उतरते. मी किती डोकं फोडलं तिच्यापुढे. बघ हाही..."

बघितलं तर फोटो सरळ होता. मागच्या खिडकीची चौकट अगदी ओळंब्यात. मी चष्मा पुसून परत बघितलं.

मुंगीचा चेहरा उतरला. "मी सरळ केले, मावशी. मागच्या आठवड्यात. एक बटण आहे, सगळे एकदम सरळ होतात. मला वाटलं, तू फ्रेम करणार, वाकडं दिसलं तर ओरडशील."

"आणि मूळचे?"

"प्रत्येकाचे दोन दोन झाले. मग त्यानं सारखे फोटो काढून टाकू का विचारलं. मी हो म्हटलं."

धन्य! हो म्हणायला या पोरीला कोणी शिकवलं देव जाणे. पण ओरडायचा दिवस नव्हता. "काढून टाकले ते जातात कुठे?"

मदतीचं पान परत उघडलं. टाकलेले फोटो कचरापेटीत काही दिवस राहतात, मग आपोआप पुसले जातात. किती दिवस ते प्रत्येकाच्या सेटिंगवर. कचरापेटी उघडायला वेळ लागत होता, गोल गोल फिरत बसलं मेलं. मी नुसती उभी राहून पडद्याकडे बघत होते.

मग उघडली. सगळा पडदा भरून ताईचे वाकडे फोटो. कललेल्या खिडक्या, उतरती टेबलं, तिरके उभे दाजी, मी एका बाजूला घसरल्यासारखी. ताई गेल्यापासून मी तिचं इतकं काही एकत्र बघितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

मुंगीनं आधी सगळे परत घेतले. मग सुरुवातीपासून एकेक बघत गेली आणि मध्येच थांबली.

"मावशी, हे सरळ आहेत."

"कुठले?"

"हे पहिले. सहल, घर, बाबांचा वाढदिवस. हे मी सरळ केलेले नाहीत, मूळचेच असे आहेत. यांच्यानंतर वाकडे सुरू होतात." ती नंबर बघत मागेपुढे गेली. "पाळण्यातल्या माझ्या फोटोंनंतर थोड्याच नंबरांनी."

मी तिथेच स्टूलवर बसले. आम्ही सगळे ताईला धांदरट म्हणायचो. आणि मला आता डोळ्यांपुढे ती जशीच्या तशी दिसली. डाव्या कडेवर मुंगी, कंबर बाहेर काढलेली, एका हातानं पोरीला आवळलेलं आणि दुसऱ्या हातात कॅमेरा. तशी उभी राहिल्यावर फोटो सरळ येणार कसा?

"तुला खाली ठेवलं की तू भोकाड पसरायचीस," मी म्हटलं. "सतत कडेवर. तिची कंबर तशीच राहिली. हा निळ्या स्वेटरचा काढला तेव्हा तू माझ्या मांडीवर होतीस, तरी ती तशीच उभी असणार, कलून."

मुंगीनं तो फोटो उघडला. मूळचा. खिडकी डावीकडे उतरलेली, मीही उतरलेली आणि मुंगी हसत होती. ती त्या फोटोकडे बघत रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दारात एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानंच नंतर या म्हणून सांगितलं.

"हाच कर," ती म्हणाली. "वाकडाच."

आयुष्यात पहिल्यांदा मी वाकडा फोटो फ्रेम केला. पांढरं माउंट, साधी लाकडी पट्टी. फ्रेम मात्र काटकोनात, तिथे तडजोड नाही. पुढच्या रविवारी मीच ती घेऊन त्यांच्या घरी गेले आणि काकांच्या बंदुकीशेजारच्या त्या खिळ्यावर लेव्हल लावून टांगली.

थोड्या वेळानं जावई बाहेरून आला. चांगला मुलगा आहे, कामसू. पिशवी ठेवली, माझी विचारपूस केली आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "मावशी, तुमच्या हातून आणि वाकडा?" त्यानं फ्रेमचा कोपरा धरून वर उचलला.

"राहू दे," मुंगी म्हणाली. "आई उभी आहे तिथे."

त्यानं फ्रेम सोडली आणि फोटोत शोधलं. "कुठे?"

मुंगीनं त्याच्याकडे बघितलं. "तू उभा आहेस तिथे."

तो पटकन बाजूला झाला.