केक फ्रिजमध्येच ठेव

भावाच्या दुसऱ्या बायकोला मी 'नवी' म्हणते. लग्नाला दीड वर्ष झालं, तरी नवीच. भाऊ एकदा म्हणाला, "ताई, आता तरी तिला नावाने हाक मार." मी म्हटलं, जिभेला वळण नाही. खरं म्हणजे वळण मनाला नव्हतं.

पहिली भावजय गेली तेव्हा तिची मुलगी बिट्टी चार वर्षांची होती. बावीस वर्षं मी एका बेकरीत केक सजवत होते, ती नोकरी सोडून इथे आले. पोरीच्या वेण्या, डबे, तापातली जागरणं, सगळं मी काढलं. मग भावाने हिला आणलं. ही इतकी गरीब स्वभावाची, की भांडायलासुद्धा फट सापडेना. असल्या माणसांचा मला फार राग येतो.

बिट्टी तिला काहीच म्हणायची नाही. 'अगं' म्हणून वेळ भागवायची. वाढदिवसाला आठवडा असताना मी दाराआडून दोघींचं बोलणं ऐकलं. "तू घरी केक केलास आणि तो मस्त झाला, तर मी तुला आई म्हणेन. सगळ्यांसमोर," बिट्टी सांगत होती.

"नक्की?" नवीने विचारलं. आठ वर्षंही पूर्ण न झालेल्या पोरीला असं विचारत होती, जणू तिच्या हातात न्यायालय आहे.

आई मिळाली की आत्या कशाला हवी? उद्या कुणीतरी गोड आवाजात म्हणणार, ताई, आता तुम्ही आराम करा. आरामाची मला भीती वाटते.

तीन दिवस नवी स्वयंपाकघरात खपत होती. दोन थरांचा केक, त्यावर लोण्याचं क्रीम, आणि त्यावर साखरेचा मऊ गोळा पोळीसारखा लाटून चढवलेला. बेकरीत त्याला फॉन्डंट म्हणतात. फिकट निळा रंग, कुठे एक सुरकुती नाही. मी चष्मा पुसून पुसून खोट शोधली, सापडली नाही.

आदल्या दिवशी दुपारी तिने विचारलं, "ताई, हा उद्यापर्यंत कुठे ठेवू? बाहेर की फ्रिजमध्ये?"

आमच्या बेकरीत हे पहिल्याच दिवशी शिकवायचे. असा केक खोक्यात घालून गार, कोरड्या खोलीत ठेवायचा. फ्रिजमध्ये उघडा ठेवला तर ओल धरतो, आणि उबेत काढला की त्याला घाम फुटतो. मग रंग ओघळतात. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

"फ्रिजमध्येच ठेव," मी म्हटलं. "आणि उघडा. खोक्यात कोंदट वास लागेल."

"वरच्या साखरेच्या बाहुल्या लावायच्या राहिल्यात अजून."

"त्या लावूनच ठेव. अगदी आयत्या वेळी काढ."

"बरं झालं बाई तुम्ही आहात," ती म्हणाली. "पण आता उद्यापर्यंत तुम्ही फ्रिज उघडायचा नाही हं."

मी कशाला उघडते? माझं काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पंधरा मुलं, त्यांचे आईबाप, आणि खोलीत हा उकाडा. नवीने केक टेबलावर आणून ठेवला. "आधी मुलांचे खेळ होऊ द्या," मीच सुचवलं. खेळ अर्धा तास चालले. तेवढ्यात निळा रंग आधी चकाकला, मग त्यावर थेंब धरले, मग ते थेंब खाली निघाले.

मी जवळ गेले तेव्हा बाहुल्या पहिल्यांदा पाहिल्या. तीन होत्या. मिशीवाला भाऊ, पिवळ्या फ्रॉकमधली बिट्टी, आणि दोघांच्या मध्ये पांढऱ्या अंबाड्याची, जाड काळ्या चष्म्याची, बेकरीचा एप्रन घातलेली बाई. चष्म्याचा काळा रंग गालांवरून एप्रनवर उतरत होता. नवी स्वतः त्या केकवर कुठेच नव्हती.

"आत्या, तू वितळलीस," बिट्टी म्हणाली. मुलं खिदळली. मग तिने नवीकडे पाहिलं. "घाण झालाय. मी नाही म्हणणार."

काय म्हणणार नाही, ते पाहुण्यांना कळलं नाही. नवीच्या हातात सुरी होती. "बरं," ती म्हणाली. "आधी मेणबत्त्या विझव."

सगळे बाहेरच्या खोलीत गप्पा मारत बसले, तेव्हा आम्ही दोघी ताटल्या धूत होतो. नवी खाली मान घालून म्हणाली, "ताई, केकचं सामान घेतलं त्या दुकानात मी विचारलं होतं. ते म्हणाले, फ्रिजमध्ये नका ठेवू. मी म्हटलं, आमच्या ताईंना त्यांच्याहून जास्त कळतं."

मी एकच ताटली घासत राहिले. आता ही बोलणार, असं वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," ती म्हणाली. "साखर नीट मळली गेली नसेल. तुमची बाहुली मी चार वेळा मोडून केली होती, आणि नेमकी तीच जास्त बिघडली. रागावू नका हं, ताई."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. तेवढ्यात बाहेरून बिट्टीची हाक आली, "आत्या, पाणी." हाक मला होती, तिला नव्हती.

"असू दे," मी नवीला म्हटलं. "शिकशील हळूहळू."

आणि पाण्याचा पेला भरून बाहेर गेले.