मधला पडदा

हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्यांचा एक अलिखित नियम होता: घरच्या माणसाची छाती आपण तपासायची नाही, शेजारच्या खोलीत पाठवायची. ताईने तो मोडला. धाकट्या बहिणीला जहाजावर स्वयंपाकघरात नोकरी लागली होती, शुक्रवारच्या आत तब्येतीचा दाखला हवा होता, आणि रांग लांबलचक. नियम मोडायला माणसाला मायेचं निमित्त पुरतं.

"श्वास धर. सोड. अगं, नवरीसारखी लाजतेस काय!" ताईचं तोंड नेहमीसारखं सुरू होतं. झडपा झकास. डावा खालचा कप्पा झकास. मग तिने रक्ताचा प्रवाह दाखवणारा रंग वरच्या दोन कप्प्यांवर टाकला. मधल्या पडद्यातून डावीकडचं रक्त सरळ उजवीकडे शिरत होतं. उजवी बाजू फुगली होती. तिने भोक तीनदा मोजलं, तिन्ही वेळा चौदा मिलिमीटर.

"ताई, काय झालं?"

"पडद्याला भोक आहे. जन्मापासूनचं. बुजवता येतं, पण सहा महिने तरी धर."

धाकटी ताडकन उठून बसली. "मला काही होत नाही."

"जिना चढताना दम लागतो म्हणालीस."

"बाबांना उचलून चढून बघ. तुलाही लागेल."

बाबा आठ वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्याआधीच ताई लग्न करून गेली होती. महिन्यातून एकदा फळं घेऊन यायची आणि दोन तासांत घड्याळ बघायची. हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर तिला हा दाखला आपल्या हातून द्यायचा होता.

"नॉर्मल लिही," धाकटी म्हणाली. "डॉक्टर तुझं वाचून नुसती सही करतात, तूच सांगतेस."

"भर समुद्रात काही झालं तर? कोण आहे तिथे?"

"घरी कोण आहे?"

ताई पुन्हा यंत्राकडे वळली.

"तू गेलीस तेव्हा तुझी छाती तपासली होती का गं कुणी?"

ताईला रडू फुटलं. डोळे पुसत, कीबोर्डवर एकेक आकडा शोधत, तिने अहवालात चौदा लिहिलं. दुसरं काही लिहायला तिची बोटं धजेनात.

धाकटीने ते वाचलं, छातीवरची जेल पुसली, बटणं लावली. "निघते," ती म्हणाली. "तीन वाजता बाबांना कुशीवर वळवायचं असतं."