फ्रीजरमधला तडा

हरिबानं फ्रीजरचं दार उघडं ठेवून कडेचं बटण बोटानं दाबून धरलं. आतला पंखा एकदा टक् करून थरथरला आणि थांबला. मीटर लावलं तर मोटरपर्यंत करंट येत होता. बर्फही साचलेला नव्हता. मग त्यानं स्क्रू काढून फ्रीजरच्या आतलं, मागच्या बाजूचं प्लास्टिकचं पॅनल सोडवलं. पंख्याचं एक पातं तुटून तिथंच अडकलं होतं, आणि पॅनल मधोमध आत दबून तडकलं होतं.

खुर्चीत बसलेल्या शिवतेजनं पुन्हा सांगितलं, की बायकोनंच बर्फ काढायला उलथणं घातलं असणार, तिला कशातलंच काही कळत नाही. त्याची बायको अंजना ओट्याकडे तोंड करून उभी होती. पदर भुवयांपर्यंत ओढलेला. शिवतेजची आई भामाबाई उंबऱ्याशी लसूण सोलत होती.

उंब्रजमध्ये फ्रीज दुरुस्त करण्यात हरिबाची वीस वर्षं गेली होती. बिघाड कशानं झाला हे सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"उलथण्यानं चरा पडतो," तो म्हणाला. "ह्यो मार लय जोराचा हाय. कायतरी गोल, जड आपटलंय."

बोलता बोलता त्याला पात्यात गुंतलेले लांब केस दिसले. त्यानं मान वळवली. फ्रीजर बरोबर अंजनाच्या कपाळाच्या उंचीवर होता. ती त्याच्याकडे बघून मानेनंच नको म्हणत होती. पण तो बोलून बसला होता.

"तू सांगितलंस व्हय ह्याला?" शिवतेज उठला.

त्यानं तिचा अंबाडा धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा भिंतीवरच्या फरशीवर रक्त उडालं. हरिबानं मागून त्याला मिठी घालून ओढलं. शिवतेजनं हिसडा दिला, हत्यारांच्या पिशवीतला पाना उचलला आणि हरिबाच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज हरिबाला स्वतःलाच ऐकू आला. दुसरा घाव खांद्यावर बसला. चांगल्या हातानं अंजनाला धरून तो दाराकडे धडपडला.

भामाबाई उठून उंबऱ्यात उभी राहिली होती. आता म्हातारी वाट अडवणार, असं त्याला वाटलं. ती बाजूला झाली. दोघं अंगणात आल्यावर तीही बाहेर आली, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

आतून शिवतेज दारावर लाथा घालू लागला. अंजना पायरीवर कोसळली. हरिबानं पोलिसांना लावायला खिशातून फोन काढला आणि भामाबाईकडे बघितलं.

"आवं, पोलीस इचारतील, कुणी बघितलं म्हणून," तो कसाबसा म्हणाला.

"म्या बघितलं," भामाबाई म्हणाली. "सात वर्सं बघतीया."

आत शिवतेज आईला हाका मारत होता. तिनं अंजनाच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली.