हेपॅरिनचं कार्ड

माझे बाबा किल्ल्या बनवतात, आणि आमच्या अर्ध्या वर्गापेक्षा त्यांना औषधशास्त्र जास्त कळतं. हे मी त्यांना तोंडावर सांगत नाही. सांगितलं तर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत बसतील.

परीक्षेसाठी मी साडेसहाशे कार्डं लिहिली होती. पुढे प्रश्न, मागे उत्तर. पिवळी पॅथॉलॉजीची, निळी बायोकेमिस्ट्रीची, पांढरी फार्मॅकॉलॉजीची. रोज सकाळी बाबा कानस चालवता चालवता एकेक कार्ड उचलायचे, अक्षर लावत प्रश्न वाचायचे आणि मी खोलीत येरझाऱ्या घालत उत्तरं द्यायचे. काही औषधं पेशीवरची जागा नुसती अडवून बसतात, हे मी एकदा त्यांना समजावायला लागले, तर म्हणाले, "म्हणजे किल्ली आत जाते, फिरत नाही आणि दुसरीला शिरू देत नाही. अगं, असली कुलपं रोज येतात माझ्याकडे!"

हीच कार्डं उतरवून घ्यायला माझी मैत्रीण यायची. तिला मी गोगलगाय म्हणायचे. मी दहा कार्डं पाठ करेपर्यंत हिचं दुसरं चाललेलं असायचं. ती मुळात एक वर्ष पुढची. फार्मॅकॉलॉजीत नापास होऊन आमच्या वर्गात आली होती. या वेळी राहिली तर घरचे मेडिकल कॉलेजातून तिचं नाव काढून घेणार, हे तिच्या मामांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी तिला शब्द दिला होता, की तुला पास करूनच दाखवते. मला शब्द द्यायची भारी हौस.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेआठला बाबांनी पांढरा गठ्ठा उचलला.

"वॉरफॅरिन जास्त झालं तर उतारा काय?"

"व्हिटॅमिन के."

पुढे पाचसहा कार्डं झाली. माझा घोडा भरधाव सुटला होता, आज कुणीही परीक्षक समोर यावा असं झालं होतं.

"हेपॅरिन जास्त झालं तर?"

"व्हिटॅमिन के!"

बाबांनी कार्ड उलटून बघितलं, मग आधीचं शोधून काढलं. "दोघांना एकच उतारा? आणि तू तर म्हणाली होतीस, ही दोन औषधं अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने रक्त पातळ करतात म्हणून."

"बाबा, तुम्ही फक्त वाचा हो!"

"वाचतोच आहे. एक किल्ली दोन निरनिराळ्या कुलपांना लागली, तर मी तरी आधी कुलूप उघडून बघेन."

मी चिडून पुस्तक उघडलं, ते त्यांना गप्प करायलाच. तक्त्यात दोन ओळी एकाखाली एक होत्या. हेपॅरिनसमोर लिहिलं होतं, प्रोटामिन. लिहिताना माझी नजर एक ओळ घसरली होती.

माझं ठीक होतं, मला आता कळलं होतं. पण गोगलगायीने हेच कार्ड उतरवलं होतं, आणि मागच्या वर्षी राहिलेल्यांना आधी बोलावतात, म्हणजे नऊ वाजता पहिली तीच. तिच्यामागे मी. फोन लावला, बंद. परीक्षेच्या दारातच फोन काढून घेतात.

"बाबा, स्कूटर!"

बाबांनी हातही पुसले नाहीत. मी मागे बसले, गठ्ठा पोटाशी धरला. बाबा एरवी असे चालवतात, की सायकलवाले मागून घंटी मारतात. त्या दिवशी मात्र माणसाच्या अंगात आलं होतं. "बाजूला व्हा! प्रोटामिन!" असं ते खरोखर ओरडले, आणि एका भाजीवाल्याने घाबरून हातगाडी मागे घेतली. मला हसू आवरेना आणि रडूही.

तीन जिने धापा टाकत चढले. दाराशी शिपाईमामा स्टुलावर बसले होते.

"पहिल्या नंबरची मुलगी?"

"केव्हाच गेली आत."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या एका घसरलेल्या नजरेने ती घरी बसणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. तिला काय तोंड दाखवणार होते मी?

दार उघडलं. गोगलगाय बाहेर आली ती चक्क उड्या मारत. "पास! सरांनी वहीत लिहिलंसुद्धा, मी उलटं वाचलं! आणि पहिलाच प्रश्न काय, तर हेपॅरिन!"

"आणि तू व्हिटॅमिन के..."

"छे! प्रोटामिन."

"पण माझ्या कार्डावर तर..."

तिचं हसू मावळलं. "तुझं कार्ड चुकलंय ते. मला एकदा वाचून काही पटत नाही, म्हणून मी प्रत्येक कार्ड पुस्तकात शोधते. त्यानेच तर वेळ लागतो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या आठवड्यात एक चूक दाखवली होती. तू कार्ड फाडलंस आणि चार दिवस बोलली नाहीस." ती खाली बघत म्हणाली, "तू शिकवणं बंद केलं असतंस तर मी कुठे गेले असते? रोज ठरवायचे, उद्या सांगू."

असा राग आला! आधी तिचा, मग लगेच माझा स्वतःचा, आणि दुसरा जास्त खरा होता. आतून माझा नंबर पुकारला.

"अजून किती चुकलीयेत?" मी विचारलं.

"पांढऱ्यांत? चार."

"सांग."

"आत्ता?"

"आत्ता, पटकन!"

तिने माझं मनगट धरलं. "एथँब्युटॉल डोळे बिघडवतं आणि आयसोनायझिड नसा, तू उलट लिहिलंयस. कोरडा खोकला एनालाप्रिलने येतो, लोसार्टनने नाही. डिगॉक्सिन पोटॅशियम कमी झालं की बाधतं, वाढलं की नाही."

शिपाईमामा उठून उभे राहिले. "मुली, जातेस का आत? सर ओरडतील मला."

जन्मात पहिल्यांदाच मी कुणाचं ऐकून घेत होते, मध्ये एक शब्द न बोलता. एरवी तिसऱ्या वाक्यालाच मी म्हणाले असते, की मला माहीत आहे.

"तीन झाली," मी दाराची कडी धरून म्हणाले. "मामा, एक मिनिट. तिचं अजून एक राहिलंय."